कामगाराचा घास : वडा, पाव आणि प्रथिने

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वडा, टिक्की आणि बर्गर यांविषयी बोलायचे, आणि तेही कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु वेतनाचा प्रश्न हा अखेर जेवणाचाच प्रश्न आहे. मागणीपत्रात आम्ही जे आकडे लिहितो ते कोठून तरी आलेले असतात, आणि त्यांचा माग काढीत गेले म्हणजे वाट शेवटी चुलीपाशी पोचते. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर. त्या फाटकासमोर जी वड्यांची कढई उकळत असते तिच्याकडे पाहताना आमच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, त्यांचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हल्ली मोठ्या शहरांतून ‘वनस्पतिजन्य बर्गर’ नावाचा पदार्थ गाजावाजाने विकला जातो. बर्गर म्हणजे मूळचा हॅम्बर्गर. पावाच्या दोन भागांमध्ये गोमांसाच्या खिम्याची भाजलेली चकती, हे त्याचे अमेरिकेतील रूप. या चकतीत मांसाचा अंशही न घालता तीच चव आणि तोच रंग साधावा, असा खटाटोप तिकडे चालू आहे. २०१६ साली इम्पॉसिबल आणि बियाँड या दोन अमेरिकन कंपन्यांनी आपापल्या चकत्या बाजारात आणल्या. एकीने सोयाच्या मुळांवरील गाठींत सापडणारे, रक्तातल्या लोहद्रव्याशी नाते सांगणारे द्रव्य यीस्टकडून तयार करवून घेतले. दुसरीने वाटाण्याचे प्रथिन घेतले आणि रंगासाठी बीट वापरले. गुरे पोसण्यास लागणारी जमीन, पाणी आणि गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू यांचा विचार करता त्या देशांच्या दृष्टीने हा उद्योग समजण्यासारखा आहे.

पण तो तितकासा नवा नाही. अमेरिकेतील डॉक्टर केलॉग यांनी एकोणिसावे शतक संपता संपता आपल्या आरोग्यधामात शेंगदाणे आणि गहू यांपासून मांसासारखा पदार्थ करून रोग्यांना वाढला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीची उपासमार होत असता कोलोन शहराचे महापौर आडेनाउअर यांनी सोयाच्या पिठाचे सॉसेज तयार केले. हेच गृहस्थ पुढे पश्चिम जर्मनीचे पंतप्रधान झाले. त्या सॉसेजचे पेटंट त्यांना १९१८ मध्ये ब्रिटनने दिले. तात्पर्य, मांस महाग झाले किंवा मिळेनासे झाले म्हणजे पाश्चात्त्यांना द्विदल धान्याची आठवण होते. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. येथे बहुसंख्य लोकांचे प्रथिन पिढ्यान्‌पिढ्या डाळीतूनच आले, आणि डाळीची चकती थापून ती भाजण्या-तळण्याची कला येथे हजार वर्षांची जुनी आहे.

याला पुरावा आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी मुलखाचा मोठा भाग तेव्हा या घराण्याच्या सत्तेखाली होता. राजाने कसे राज्य करावे हे सांगता सांगता राजाने काय खावे हेही त्यात सांगितले आहे. त्यात वटक, म्हणजे आपला वडा, दुधा-दह्यात भिजविलेला येतो. आणि ‘विदलपाक’ नावाचा एक पदार्थ येतो. पाच डाळींचे पीठ एकत्र करावे, त्यात सैंधव, हळद आणि हिंग घालावे, आणि त्याच्या लहान चकत्या करून शिजवाव्यात, असा त्याचा विधी. आज जिला वनस्पतिजन्य पॅटी म्हणतात तिची ही मराठी-कानडी मुलखातील पणजीच म्हणावयाची.

राजवाड्यातून शेतकऱ्याच्या घरात यावे तर मासवडी भेटते. नाशिक रस्त्याने चाकण, मंचर, नारायणगाव असे गेले म्हणजे हॉटेलांच्या पाट्यांवर हे नाव दिसू लागते. नावात मास असले तरी पदार्थ निर्भेळ शाकाहारी. माशासारखा आकार म्हणून मासवडी, असे लोक सांगतात. लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळावयाचे, त्यात बेसन वैरून घट्ट शिजवावयाचे, ते ओल्या फडक्यावर थापावयाचे, मध्ये भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरावयाचे, आणि फडक्यानेच गुंडाळी करून तिचे काप काढावयाचे. वर झणझणीत रस्सा आणि सोबत बाजरीची भाकरी. गळ्यात माळ असलेल्या घरात पाहुण्याला असेच मासे वाढले जातात! यात शास्त्रही मोठे आहे. हरभऱ्याच्या प्रथिनात लायसीन हे द्रव्य भरपूर, पण मेथिओनीन कमी. तिळाचे नेमके याच्या उलट. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. जुन्नर-आंबेगावच्या ज्या मायबहिणींनी हा मेळ बसविला त्यांनी रसायनाचे पुस्तक पाहिलेले नव्हते. परंतु त्यांच्या हाताला जे कळले होते ते प्रयोगशाळेस विसाव्या शतकात कळले.

आता प्रश्न असा की, ज्या मुलखात डाळीच्या चकतीची एवढी जुनी परंपरा, तेथल्या कामगाराच्या हातात आज बटाट्याचा वडा आणि मैद्याचा पाव कसा आला? हा बदल आपोआप झाला नाही. त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आमची दापोडी ठिकठिकाणी डोकावते.

बटाटा आणि पाव ही दोन्ही नावे पोर्तुगीजांची देणगी. बटाटा दक्षिण अमेरिकेतून निघून समुद्रमार्गे येथे आला. इंग्रजी अंमलात अशा परदेशी वनस्पती आणून लावून पाहण्याचे जे उद्योग चालत त्यांचे मुंबई इलाख्यातील एक मुख्य ठाणे दापोडीत होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथला कॅप्टन फोर्ड यांचा बंगला सरकारसाठी घेतला आणि १८२८ साली त्याच्या आवारात वनस्पतिबाग उभी राहिली. पुढे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात एका हिंदी चित्रकाराने येथील झाडांची सुरेख चित्रे काढली. ती आज एडिंबरोस जपलेली आहेत, मात्र चित्रकाराचे नाव कोणी जपले नाही. हातांनी काम करणाराचे नाव हरवावे ही रीत तेव्हापासूनची! याच शतकात खेड आणि जुन्नरच्या रानांत बटाट्याने चांगले मूळ धरले. आजही आंबेगावातील सातगाव पठाराचा बटाटा प्रसिद्ध आहे, आणि चाकणची बाजारपेठ कांद्या-बटाट्यांवर वाढलेली आहे.

पावाला मात्र बराच काळ दार बंद होते. पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या नामवंत मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तर तेवढ्यावरून गावात ग्रामण्य उभे राहिले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. ज्या पावाची एवढी धास्ती, तो शे-पाऊणशे वर्षांत सर्व जातींच्या हातात एकाच गाडीवरून कसा गेला? हे काम उपदेशकांपेक्षा भोंग्याने अधिक केले, असे आमचे मत आहे.

भोंगा म्हणजे वेळ, आणि कामगाराच्या जेवणाचा इतिहास हा प्रथम जेवणाच्या वेळेचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीस दुपारच्या सुटीला कायद्याचा आधार नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी होती. १८९१ च्या कारखाना कायद्यात हा अर्धा तास आला. या गोष्टीला लहान समजू नये. त्यापूर्वी हातात भाकरी असली तरी ती खाण्यास वेळ नव्हता. अर्धा तास मिळाला आणि कामगाराचा डबा हा पदार्थ जन्मास आला. पण अर्ध्या तासात जे खाऊन होते तेच डब्यात राहते, हाही त्याचा दुसरा अर्थ.

इकडे पुण्याच्या भोवतालची खेडी कारखान्यांकडे ओढली जात होती. दापोडीपासून हाकेच्या अंतरावरील पिंपळे सौदागर या गावाची डॉक्टर हॅरॉल्ड मान यांनी पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये या गावी एका खातेदाराची जमीन सरासरी चाळीस एकर होती. १९१४-१५ मध्ये ती सात एकरांवर आली होती. सात एकर कोरडवाहूवर कुटुंब कसे जगणार? माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची वाट चालू लागली. म्हणजे ज्या शेतात ज्वारीबरोबर तूर, मटकी, हुलगा पिकत होता त्या शेताशी असलेले नाते सैल झाले, आणि डाळ घरची न राहता वाण्याच्या दुकानाची झाली. स्वातंत्र्यानंतर दापोडीत एस. टी. चा मध्यवर्ती कारखाना आला, पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता हॅरिस पुलापासून निगडीपर्यंत आणि पुढे चाकणपर्यंत भोंग्यांची रांग लागली.

एकट्या कामगाराला जेवू कोण घालणार, हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायांनी सोडविला. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्या वीस-वीस माणसांची पोळी-भाजी, आमटी करीत. त्यांना सावकाराच्या तोंडातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकांचे कर्ज मिळवून दिले. या बायांच्या ताटात उसळ-आमटी असे, हे ध्यानात ठेवावे. खानावळ होती तोवर गिरणी कामगाराच्या पोटात रोज डाळ जात होती.

वडापावाचा जन्म याच गिरणगावाच्या वेशीवर झाला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सामान्यतः सांगितले जाते. पाळीवर जाणाऱ्या माणसाला तो सोयीचा वाटला. ताट नको, पाणी नको, बसण्यास जागा नको. एका हातात पाव आणि दुसऱ्या हाताने लोकलचा दांडा. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर संपलाच नाही. असंख्य घरे उघडी पडली, खानावळींची गिऱ्हाइके गेली, आणि कित्येक कामगारांनी पोटासाठी वड्याची गाडी टाकली. ज्याच्या हातून मागाचा धोटा गेला त्याने झारा धरला. म्हणून आम्ही वडापावाला नावे ठेवीत नाही. हरलेल्या लढाईनंतर ज्याने आमच्या माणसांना उभे ठेवले त्याची निंदा कोणत्या तोंडाने करावी? परंतु कृतज्ञता वेगळी आणि हिशेब वेगळा. हिशेब करण्याची सवय आम्हाला चळवळीनेच लावली आहे.

तर हिशेब असा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिने दीड ग्रॅमच्या आसपास, मैद्यात ११, ज्वारीत १०, हरभऱ्याच्या डाळीत जवळजवळ २१, मटकीत २३, मुगाच्या डाळीत २४ आणि सोयाबीनमध्ये ४३. एका वडापावात ३५ ग्रॅम मैद्याचा पाव, ६० ग्रॅम बटाटा, १५ ग्रॅम बेसन आणि १० ग्रॅम शोषलेले तेल धरले, तर उष्मांक सव्वातीनशे होतात आणि प्रथिने ८ ग्रॅम. तीही मुख्यतः पावाची आणि वरच्या पातळ आवरणाची. मधला पिवळा गोळा जवळजवळ कोराच. दोन वडापाव खाल्ले तर साडेसहाशे उष्मांक आणि १६ ग्रॅम प्रथिने. आता दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि ४० ग्रॅम मटकीची उसळ घ्या. उष्मांक सातशे, पण प्रथिने २५ ग्रॅम. पोट दोन्हींनी भरते, परंतु शरीराला मिळणारा माल दीडपटीहून अधिक. साठ-पासष्ट किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात असे २०२० मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. दिवसातून दोन वेळा फाटकावरचा वडापाव खाऊन राहणारा, खोलीवर स्वयंपाकाची सोय नसलेला तरुण या आकड्यापर्यंत कसा पोचणार, हे ज्याचे त्याने पाहावे.

उष्मांकांची ही भाषा कामगार चळवळीत कशी आली हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेत कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन आणि त्यांच्यामागून आलेले डॉक्टर वॉलेस आयक्रॉइड यांनी हिंदी आहाराचा अभ्यास केला. आयक्रॉइड यांची अन्नमूल्यांची कोष्टके १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. वीस वर्षांनी, जुलै १९५७ मध्ये, पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली, तेव्हा किमान वेतन कशावरून ठरवावे या प्रश्नास उत्तर म्हणून हीच मापे हाती घेण्यात आली. कामगाराचे कुटुंब तीन एकमानांचे धरावे: तो स्वतः एक, पत्नी आठ-दशांश आणि दोन मुले प्रत्येकी सहा-दशांश. दर प्रौढ एकमानास दिवसाला २७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, याशिवाय घरभाडे, जळण आणि दिवाबत्ती. मालक, सरकार आणि कामगार या तिघांनी हे मान्य केले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. म्हणजे आपल्या पगारपत्रकाच्या मुळाशी एक ताट आहे. पगार कमी पडतो म्हणजे त्या ताटातून काहीतरी उचलले जाते, आणि प्रथम उचलली जाते ती डाळ, कारण ती सर्वांत महाग.

येथे एक जुना वाद आठवतो. साताऱ्याच्या बुध गावचे सुपुत्र आणि रोमच्या अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षे काम केलेले डॉक्टर पां. वा. सुखात्मे यांनी असे प्रतिपादन केले की, भारतात प्रथिनांची म्हणून वेगळी टंचाई नाही. माणसाला आपल्या नेहमीच्या धान्य-डाळीचे पोटभर अन्न मिळाले तर प्रथिने त्यातून आपोआप मिळतात. प्रथिनांचे डबे आणि गोळ्या वाटण्याच्या खटपटीला हे उत्तर होते. पुण्याचेच दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा उष्मांकांवरून आखली. सुखात्मे यांचे म्हणणे आम्हाला पटते. पण त्यातील ‘नेहमीच्या धान्य-डाळीचे’ हे शब्द विसरता कामा नयेत. भाकरी-उसळीने पोट भरले तर त्यांचा सिद्धान्त खरा ठरतो. मैदा, बटाटा आणि तेल यांनी पोट भरले तर उष्मांक पुरे होतात आणि प्रथिने मागे पडतात. पोट भरलेले आणि अंग खंगलेले, अशी ही नवी उपासमार आहे.

यावर कायद्याने एक उपाय दिला आहे, तो म्हणजे उपाहारगृह. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह आवश्यक केले. त्याचे दर ना-नफा तत्त्वावर असावेत आणि त्याच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी नियमांची योजना. कंत्राटी कामगारांसाठी १९७० च्या कायद्यात शंभरांची मर्यादा घातली, आणि २०२० च्या संहितेने कंत्राटी कामगार धरून शंभर संख्या पुरे केली. कागदावर हे सारे उत्तम आहे. आणि उपाहारगृहाचे महत्त्व केवळ पोटापुरते नाही. ज्या गिरण्यांत अस्पृश्य म्हणून माणसाला साचेखात्यात प्रवेश नव्हता, आणि ज्याविरुद्ध डॉक्टर आंबेडकरांना १९२८ च्या संपात आवाज उठवावा लागला, त्याच कामगार वर्गाने पुढे एका बाकावर बसून एका पातेल्यातले जेवण घेतले. पंचहौदच्या बिस्किटावरून झालेले ग्रामण्य कोठे आणि हे कोठे!

परंतु आज त्याच बाकावर नवी पंगत मांडली जात आहे. या पट्ट्यातील एका कारखान्यात आम्ही काय पाहिले ते सांगतो. कायम कामगारांना ताट होते: पोळी, भाजी, उसळ, ताक. कंत्राटी मुलांना फाटकाबाहेर जाण्यास पंधरा मिनिटे. काम तेच, यंत्र तेच, तेलाचे डाग तेच, फक्त गळ्यातील ओळखपत्राची फीत वेगळ्या रंगाची. विचारले तर उत्तर मिळाले की ते आमचे कामगार नव्हेत, ठेकेदाराचे आहेत. आणि प्रत्येक ठेकेदाराची हजेरी शंभराच्या आत ठेवलेली होती. पुढे कायम कामगारांच्याही ताटातील उसळ आठवड्यातून सहाऐवजी दोनदा येऊ लागली आणि तिच्या जागी तळलेले वडे आले. मुलांना वडे आवडतात, असे कारण सांगण्यात आले. तेव्हा आमच्या समितीतील सभासदांनी घोषणा दिल्या नाहीत. कोठीत तराजू नेला आणि महिनाभर डाळीचे वजन टिपून ठेवले. माणशी किती डाळ शिजली हा आकडा वाटाघाटीत मांडला तेव्हा समोरच्या बाजूस उत्तर सुचेना. उसळ परत आली. मात्र ताट सर्वांचे एक व्हावे यासाठी आणखी दोन वर्षे झगडावे लागले. कायम कामगारांतील काही जण म्हणाले, आपल्या कराराचे पैसे त्यांच्यावर का घालवावेत? त्यांना आम्ही एवढेच विचारले की, तुमचा मुलगा उद्या कोणत्या रंगाची फीत घालून याच फाटकात उभा राहणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? त्यानंतर ठराव झाला.

आता स्वयंपाकाकडे वळू, कारण नुसती मागणी करून भागत नाही. काय मागावे हेही ठाऊक हवे. तरुणांना हातात धरून खाता येईल असे पाहिजे, ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. १९९६ साली मॅकडोनाल्ड कंपनी भारतात आली, तेव्हा तिनेही ओळखले की येथे गोमांसाची चकती चालणार नाही. तिने पावात घातली ती बटाट्याची टिक्की. म्हणजे परदेशी दुकानातही आपल्याला आपलाच बटाटा परत मिळाला, किंमत मात्र वाढवून. आमचे म्हणणे इतकेच की पावातील चकती राहू द्या, पण तिच्यातील बटाट्याची जागा पुन्हा डाळीला द्या.

एका चकतीला वीस ग्रॅम डाळ घ्यावी, निम्मी हरभऱ्याची आणि निम्मी मुगाची. ती चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, भरड वाटावी. बारीक वाटली तर चकती चिकट होते. पाच ग्रॅम सोयाचा चुरा गरम पाण्यात फुलवून घट्ट पिळून घालावा. हा चुरा म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाच्या पिठाचा. त्यात निम्मी प्रथिने असतात. कच्चे सोयाबीन मात्र कधी वाटून वापरू नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते आणि ते चांगले शिजविल्यानेच जाते. बांधणीसाठी थोडा उकडलेला बटाटा ठेवावा. नोकर म्हणून तो उत्तम आहे, मालक होऊ नये एवढेच! कांदा, आले, लसूण, मिरची, कोथिंबीर, आणि मासवडीची आठवण ठेवून चमचाभर भाजलेले तीळ. चकत्या थापून प्रथम दहा-पंधरा मिनिटे कोथिंबीरवडीसारख्या वाफवाव्यात. वाफेने डाळ आतपर्यंत शिजते आणि चकती फुटत नाही. नुसती तळली तर बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते. मग तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. तळायच्याच असतील तर तेल चांगले तापलेले असावे, कारण कोमट तेलात पदार्थ तेल पितो. आणि तेच तेल दिवसचे दिवस वापरू नये. तळणाच्या तेलातील बिघडलेल्या द्रव्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यावे असा २०१८ पासून सरकारी नियमच आहे. वर लिंबू पिळावे, कारण डाळीतील लोह अंगी लागण्यास त्याचा उपयोग होतो. आणि लगेच चहा घेऊ नये, कारण चहा नेमका त्याच्या आड येतो.

अशी चकती पावात घातली तर उष्मांक अडीचशेच्या वर थोडे आणि प्रथिने ११ ग्रॅम. दोन खाल्ल्या तर २२. भाकरी-उसळीच्या जवळ जाणारा, तरीही हातात धरून खाता येणारा घास झाला. पावाच्या गव्हात जे उणे ते डाळीत आहे, डाळीत जे उणे ते गव्हात आणि तिळात आहे. यासाठी यीस्टकडून रक्ताचा रंग करवून घेण्याची आपल्याला गरज नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगावयास हवी. बारावे ब जीवनसत्त्व वनस्पतीत नाही. त्यासाठी दूध, ताक, अंडे असे काही तरी ताटात हवे. आमचा पक्ष शाकाहाराचा नाही आणि मांसाहाराचाही नाही. ज्याला जे रुचते ते त्याने खावे. आमचा पक्ष पोषणाचा आहे.

सोयाबीनविषयी दोन शब्द. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले, गरिबाच्या अन्नात ते यावे असा त्यांचा हेतू होता. पुण्याच्या आघारकर संस्थेने या पिकाचे वाण तयार केले. आज लातूरपासून विदर्भापर्यंत लाखो एकर सोयाबीन पिकते. पण ते गिरणीत जाते, त्याचे तेल निघते, आणि सर्व प्रथिने ज्यात राहतात ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी देशात आणि परदेशांत विकली जाते. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही त्याचाच मुलगा चाकणमध्ये कंत्राटावर येतो आणि फाटकावर बटाटावडा खातो. बापाने पिकविलेले प्रथिन मुलाच्या ताटात येत नाही. मधली वाट कोठे तरी चुकली आहे. ती जोडून देणे हे एकट्या आचाऱ्याचे काम नव्हे आणि एकट्या शास्त्रज्ञाचेही नव्हे.

म्हणून या नगरीतील नागरिकांपुढे आम्ही तीन साध्या गोष्टी ठेवतो. ज्या कारखान्यात आपण काम करतो, किंवा आपला मुलगा, भाऊ काम करतो, तेथे उपाहारगृह समिती आहे काय आणि ती कधी भरते, हे विचारावे. तेथे माणशी किती डाळ शिजते याचा आकडा मागावा. आणि तो आकडा मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारावा की, या ताटावर कंत्राटी माणसाला बसता येते काय? आयक्रॉइड यांनी २७०० उष्मांकांचे माप मांडले तेव्हा त्यांनी कायम आणि कंत्राटी असे दोन तक्ते काढलेले नव्हते. श्रम करणाऱ्या शरीराला कोणत्याही रंगाच्या फितीखाली तेवढीच भूक लागते.